मूठ फिरली की बाहुली हलते

किनवट तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही सहयोगिनी आज पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहोत. मागच्या काही भाषणांत आपण हप्ते, व्याज, गटाच्या वह्या आणि बँकेची कागदपत्रं यांवर पुष्कळ बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण खेळण्यांचा इतिहास बघणार आहोत. सगळ्याच खेळण्यांचा नाही. हातानं मूठ फिरवली, दोरी ओढली की जी हलतात, ज्यांना सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही, आणि जी घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून होतात, अशा खेळण्यांचा.

हा विषय आम्ही गटाच्या बैठकीत काढला तेव्हा एक आक्का लगेच म्हणाल्या, "बाई, ह्यानं चूल पेटल का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही टाळणार नाही, पण शेवटी देऊ. आधी एवढंच ध्यानात घ्या की हलत्या खेळण्यात जी युक्ती असते, तीच आपल्या शिलाई मशीनमध्ये असते आणि शेवयाच्या यंत्रातही तिच्याच नात्यातली असते. आपल्या गटांची यंत्रं बिघडली की ती कापडानं झाकून ठेवली जातात. तालुक्याच्या गावाहून मिस्त्री येईपर्यंत काम बंद, मजुरी बंद. लग्नसराईत असं झालं की हंगामच हातचा जातो. ज्या हातानं लहानपणी एखादं हलतं खेळणं जुळवलं, तो हात यंत्राचं झाकण उघडायला बिचकत नाही. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. जातं घ्या. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मधे खुंटी, कडेला धरायचा खुंटा. खुंटा कडेला का असतो? मधाच्या जवळ असला तर जोर जास्त लागतो, कडेला असला तर कमी. डाळ भरडायची असली की मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळून वरची तळी जराशी उचलायची, पीठ बारीक हवं असलं की ती काढायची. हे आपल्या आज्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. ताक घुसळताना रवीला दोरीचे वेढे देऊन एक हात पुढं, एक हात मागं करायचो. ओढ सरळ असते आणि रवी मात्र गोल फिरते. शेवयाच्या यंत्रात उलटं होतं. मूठ गोल फिरते आणि शेवया सरळ खाली येतात. एका तऱ्हेची हालचाल दुसऱ्या तऱ्हेत बदलणं, यालाच यंत्र म्हणतात. हे काम बाईच्या हातानं पिढ्यान् पिढ्या केलं आहे.

आता खेळण्यांकडे वळू. आपल्या भागात ज्वारी काढली की पोरं धाटाची बैलगाडी करायची. धाटाची वरची साल सोलून तिच्या चिवट काड्या करायच्या, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे पाडायचे, आणि काड्या भेंडात खुपसत जायचं. चाकं, जू, बैल, सगळं त्यातच. खिळा नाही, डिंक नाही. चप्पल झिजली की तिच्या रबराची गोल चाकं कापायची. सायकलचं जुनं टायर काठीनं पळवायचं. कागदाचं भिरभिरं काट्यानं बोरूच्या काडीला टोचायचं. हे सगळं तुम्ही पाहिलंय, तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी केलंयही. फक्त त्याला कुणी 'ज्ञान' म्हटलं नाही.

पोळ्याचं उदाहरण बघा. श्रावणातल्या अमावस्येला आपण बैल सजवतो. पैनगंगा ओलांडून यवतमाळात, विदर्भात गेलं की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी मुलं लाकडी बैल दोरीनं ओढत नेतात. बैलाच्या पायाखाली पाटी आणि पाटीला चाकं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून हा सण चालत आला असं सांगतात. किनवट तर दोन्हीकडच्या रीतींचं गाव आहे. १९५६ साली राज्यांची नवी मांडणी झाली तोपर्यंत आपला तालुका हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे तेलुगू मुलखाचे, विदर्भाचे आणि मराठवाड्याचे, असे तीन बाजूंचे सण आणि खेळ आपल्या अंगणात आले.

चाकाच्या पाटीवर जनावर बसवून दोरीनं ओढायची ही कल्पना किती जुनी असेल? ऐकून नवल वाटेल. आपल्याच महाराष्ट्रात, नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचं ठिकाण आहे. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल समाजाच्या शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना जमिनीत काशाच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि दोन बैलांचा एक रथ. रथात एक माणूस उभा आहे. रथ साधारण ४५ सेंटिमीटर लांब, म्हणजे आपल्या हाताच्या एका हाताएवढा. जनावरं चाकांवर ओढता येतील अशा बेतानं ओतलेली. चारही मिळून वजन ६० किलोच्या वर. एवढं जड लहान पोराचं खेळणं नसणार. मिरवणुकीत ओढत असावेत, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. काळाबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत, पण पुष्कळ जण ते हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातले, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे मानतात. शेतकऱ्याच्या कुदळीला लागलेला हा ठेवा आज देशातल्या फार मोठ्या पुरातन ठेव्यांत गणला जातो.

त्याहूनही जुनी खेळणी सिंध प्रांतात मोहेंजोदडोला सापडली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, भाजलेल्या मातीची. त्यांत एक बैल आहे. त्याचं डोकं धडापासून वेगळं केलेलं आणि दोरीनं अडकवलेलं. दोरी ओढली की बैल मान हलवतो. दोरीवरून सरकणारी माकडंही सापडली आहेत. मातीच्या छोट्या बैलगाड्या तर ढिगानं. म्हणजे आपल्याकडे शेती करणारा माणूस आणि मान हलवणारा खेळण्यातला बैल, हे दोघं फार जुने सोबती आहेत. ती माती कुणी मळली, बाईनं की पुरुषानं, याची नोंद नाही. करणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत.

पुढं हलत्या बाहुल्या राजवाड्यात गेल्या. अकराव्या शतकात धारचा राजा भोज होऊन गेला. त्याच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. ग्रंथ घरं, वाडे, नगरं बांधण्याबद्दल आहे, पण त्यातला एक अध्याय यंत्रांचा आहे. नाचणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या लाकडी आकृत्यांचं वर्णन त्यात येतं. मात्र ही यंत्रं प्रत्यक्षात कशी जुळवायची ते पूर्ण सांगितलेलं नाही. आणि ते ठाऊक नाही म्हणून सांगितलं नाही असं नव्हे, तर गुप्त राहावं म्हणून, असं ग्रंथातच म्हटलं आहे. मैत्रिणींनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. ज्ञान झाकून ठेवायची रीत किती जुनी आहे ते यावरून कळतं.

राजवाड्यातलं आणखी एक हलतं खेळणं जगभर गाजलं. म्हैसूरच्या टिपू सुलतानाचा लाकडी वाघ. जवळजवळ खऱ्या वाघाएवढा. त्याच्या पंजाखाली एक गोरा शिपाई पडलेला. बाजूला मूठ आहे. मूठ फिरवली की शिपायाचा हात वरखाली होतो, आत बसवलेल्या भात्यांतून हवा जाते, वाघ गुरगुरतो आणि माणूस कण्हतो. १७९९ साली इंग्रजांनी श्रीरंगपट्टण घेतलं तेव्हा हा वाघ लंडनला नेला. आज तो तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यातला भाता लोहाराच्या भात्याच्या जातीचाच, आणि मूठ जात्याच्या खुंट्याच्या नात्यातली. साधनं ओळखीचीच होती, राजानं ती वापरून आपल्या मनातला राग सांगितला. खेळणं नुसतं करमणुकीचं नसतं, ते बोलतंही.

हैदराबादला गेलेल्या काही जणींनी सालारजंग संग्रहालयातलं मोठं घड्याळ पाहिलं असेल. दर तासाला आतून एक छोटा माणूस बाहेर येतो आणि टोले देतो. ते बघायला माणसांची गर्दी होते. ते किल्लीचं यंत्र आहे आणि किंमती आहे. त्याच मुलखाच्या गावोगावच्या जत्रांमध्ये मात्र चार पैशांचं एक खेळणं विकलं जायचं, आणि त्यातली अक्कल घड्याळाहून काही कमी नव्हती. ती ओढली की टमटम वाजणारी गाडी.

आठवते का? मातीची दोन चाकं, मधे काडीचा आस. वर मातीची लहान वाटी, तिच्या तोंडावर कागद ताणून चिकटवलेला, म्हणजे झाली ढोलकी. तिच्यामागं पीळ दिलेली दोरी आणि त्या पिळात अडकवलेल्या दोन बारीक काड्या. गाडी ओढली की आसाबरोबर फिरणारी आडवी काडी या काड्यांची शेपटं दाबते. काड्यांची तोंडं वर उचलतात. शेपूट सुटलं की दोरीचा पीळ काडीला मागं खेचतो आणि ती कागदावर आपटते. टम. पुन्हा दाबते, पुन्हा सुटते. टमटम, टमटम. पिळाची दोरी इथं स्प्रिंगचं काम करते. माती, कागद, काडी, दोरी. यातलं विकत आणायचं असं जवळजवळ काहीच नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, माहूरच्या यात्रेत अशा वस्तू घेऊन बसणारी कुटुंबं असायची. माती बाई मळायची, कागद पोरी चिकटवायच्या, विकायला सगळं घर बसायचं. आता त्या जागी प्लास्टिकचं, सेलवर चालणारं खेळणं जास्त दिसतं. ते बंद पडलं की पोरगं ते उघडतं, आत हिरवी पट्टी दिसते, आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. टमटम गाडी मोडली तर ती कशी चालते ते उघड दिसायचं. तीच तिची शाळा होती.

या जत्रेतल्या खेळण्यांची नोंद घेणारा एक माणूस निघाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले प्राध्यापक सुदर्शन खन्ना. ते गावोगावच्या जत्रा फिरले, खेळणी करणाऱ्यांजवळ बसले, आणि १९८३ साली त्यांनी हलत्या लोकखेळण्यांवर पुस्तक काढलं. टमटम गाडीसारख्या खेळण्यांतलं विज्ञान त्यांनी चित्रं काढून समजावलं. डिझाइन शिकणारी मुलं त्या पुस्तकावरून शिकली. राजा भोजाच्या ग्रंथात जे झाकलं गेलं, तसलं ज्ञान जत्रेतल्या माणसांनी उघड्यावर मांडलं होतं. ते टिपून घ्यायला मात्र फार उशीर लागला.

त्याच सुमाराला मध्य प्रदेशात एक वेगळंच काम चाललं होतं. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांमधून विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग सुरू झाला. पाठांतर नाही, मुलांनी हातानं करून बघायचं. पण गावच्या शाळेत प्रयोगाचं साहित्य कुठून आणणार? १९७८ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर वर्षभराची रजा घेऊन तिथं गेला. त्याचं नाव अरविंद गुप्ता. त्यानं आठवडी बाजार पालथा घातला आणि स्वस्तात काय मिळतं ते पाहिलं. सायकलच्या व्हॉल्वला लागते ती बारीक रबरी नळी त्याला सापडली. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि दोन्ही टोकांना आगकाड्या खोचल्या. झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण केला की तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन केला की डुलतो. घराच्या छपराला कैची का घालतात, दाराच्या चौकटीला तिरपी पट्टी का ठोकतात, हे पोरांना आगकाडीनं कळलं. आपल्या खाटेचे पाय डुलायला लागले की आपणही तिरपी दोरी बांधतो, ती याच कारणानं.

गुप्तांचं आगकाड्यांच्या खेळण्यांचं पहिलं पुस्तक १९८७ साली आलं आणि पुढं अनेक भारतीय भाषांत गेलं. २००३ ते २०१४ या काळात त्यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम केलं. आयुका म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेली खगोलशास्त्राची संस्था. त्या केंद्राचं नाव मुक्तांगण विज्ञान शोधिका. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा हात त्याला लागला आहे. तिथं कचऱ्यातून शेकडो खेळणी केली गेली. झाकणं, नळ्या, वर्तमानपत्र, जुन्या सीडी, रबरबँड. प्रत्येक खेळणं कसं करायचं ते चित्रांतून आणि व्हिडिओतून फुकट खुलं ठेवलं, मराठीतूनही. २०१८ साली गुप्तांना पद्मश्री मिळाली. पण आम्हाला त्या किताबापेक्षा मोठी वाटते ती ही गोष्ट की त्यांनी काहीच झाकून ठेवलं नाही. आज मोबाइलवर नातवंडाला सांगितलं तर ते दोन मिनिटांत ती खेळणी शोधून देईल.

एका बाईचं नावही या इतिहासात घ्यायला हवं. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या फालमाउथ गावात १९७९ साली सू जॅक्सन यांनी हस्तकलेच्या वस्तूंचं एक छोटं दुकान काढलं. आजूबाजूचे कलाकार त्यांच्याकडे मूठ फिरवून हलणाऱ्या लाकडी वस्तू आणून देत. सूबाईंच्या ध्यानात आलं की लोक दुकानात येऊन आधी मूठ फिरवतात आणि हसतात. त्यांनी त्या वस्तू विकण्याऐवजी जमवायला सुरुवात केली, करणाऱ्यांना आणखी करायला लावलं, आणि पुढं लंडनमध्ये त्यांचं प्रदर्शनच मांडलं. नाणं टाकायचं आणि हालचाल बघायची. विलायतेत ही जवळजवळ विसरलेली कला पुन्हा उभी राहिली त्यात या दुकानदार बाईचा वाटा मोठा आहे. तिनं स्वतः फार वस्तू केल्या नाहीत. तिनं करणारे हात एकत्र आणले आणि टिकवून धरले. गट चालवणाऱ्या आपल्यासारख्या बायांना हे काम काय असतं ते वेगळं सांगायला नको.

आता थोडं आपल्याबद्दल. जात्यावरच्या ओव्यांची नोंद झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायांकडून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून आज त्या वाचता-ऐकता येतात. पण ओवी गाताना हात जे करत होता, त्याची कुणी तितकी नोंद घेतली नाही. जात्याला टाकी लावत गावोगाव फिरणाऱ्या बाया दगडाच्या आवाजावरून सांगायच्या की तळी कुठं झिजली आहे. ती कारागिरीच होती. जातं गेलं, पिठाची गिरणी आली. गिरणीवर पुरुष बसला आणि बाई डबा घेऊन रांगेत उभी राहिली. फिरवायचा खुंटा हातातून सुटला त्याबरोबर यंत्राची ओळखही सुटली. दळणाचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. कुणी पुन्हा जातं ओढा म्हणत नाही. पण पुढं घरात शिलाई मशीन आलं, मिक्सर आला, पाण्याची मोटर आली, आणि पाना-पेचकस मात्र मुलाच्या हातात गेला. मुलगी जवळ बसली तर तिला म्हणतात, "तुला काय करायचंय त्यात?" आमच्या मते आज खरी अडचण या एका वाक्यात आहे.

म्हणून आम्ही सुचवतो की पुढच्या बैठकीला घरातल्या मुलींना घेऊन एक खेळणं करून बघा. दाणे टिपणारी कोंबडी करू. लागेल काय, तर बिस्किटाच्या पुड्याचं किंवा चपलेचं पुठ्ठ्याचं खोकं, मोडक्या छत्रीची काडी, जुन्या चपलेचं रबर, पेनची रिकामी नळी, एक सरळ काडी, कात्री आणि दोरा.

खोकं असं ठेवा की उघडी बाजू आपल्याकडे येईल. दोन बाजूंना समोरासमोर भोकं पाडा आणि छत्रीची काडी आडवी आरपार घाला. बाहेर आलेलं एक टोक दोनदा वाकवा, झाली मूठ. आता चपलेच्या रबराची रुपयापेक्षा मोठी, साधारण ५ सेंटिमीटरची गोल चकती कापा. खरी गंमत इथं आहे. चकतीला भोक मधोमध पाडायचं नाही. मधापासून १ सेंटिमीटर बाजूला पाडायचं. ती चकती खोक्याच्या आत काडीवर बसवा. खोक्याच्या वरच्या बाजूला, बरोबर चकतीच्या डोक्यावर, भोक पाडून पेनच्या नळीचा बोटभर तुकडा बसवा आणि त्यातून सरळ काडी खाली सोडा. त्या काडीच्या खालच्या टोकाला रबराची दुसरी चपटी चकती लावा, ती पहिल्या चकतीवर टेकेल. मूठ फिरवा. भोक बाजूला असल्यामुळे चकती एकदा उंच होते, एकदा खाली जाते, आणि वरची काडी तिच्याबरोबर २ सेंटिमीटर वर जाते, खाली येते. भोक जितकं बाजूला, त्याच्या दुप्पट काडी उचलते.

आता पुठ्ठ्याची कोंबडी कापा. तिचे पाय खोक्यावर सैल दोऱ्यानं बांधा म्हणजे ती पुढंमागं झुकू शकेल. तिची शेपटी काडीच्या वरच्या टोकाला दोऱ्यानं जोडा. काडी वर गेली की शेपटी वर आणि चोच खाली. काडी खाली आली की चोच वर. कोंबडी दाणे टिपू लागली. कोंबडीऐवजी उखळात कांडणारी बाई करा, रोप लावणारी करा, ज्वारी खुडणारी करा. बाहुलीला गोल फिरवायचं असेल तर वरची चपटी चकती खालच्या चकतीच्या मधावर न टेकवता एका कडेवर टेकवा. खालची चकती तिला घासून गोल फिरवते. म्हणजे तीच मूठ, तीच चकती, पण हालचाल दोन तऱ्हांची.

पहिल्या फेरीत हे चालेलच असं नाही. चकती काडीवर घसरेल, मूठ फिरेल आणि चकती जागची हलणार नाही. मग चकतीच्या दोन्ही बाजूंनी दोरा घट्ट गुंडाळा किंवा टाचणी आरपार घाला. वरची काडी नळीत अडकेल, म्हणजे नळी तिरपी बसली आहे. काडी कलंडेल, म्हणजे नळी आखूड झाली आहे. एकेक कारण शोधायचं, एकेक दुरुस्त करायचं. मैत्रिणींनो, मिस्त्री याहून वेगळं काय करतो? बघणं, हलवून पाहणं, कुठं अडतंय ते बोटानं शोधणं. खोक्यावर हे जमलं की शिलाई मशीनची डावीकडची पट्टी उघडून बघा. मूठ किंवा पायटा चाक फिरवतो, चाक आतला दांडा फिरवतो, आणि दांड्याच्या टोकाला मधापासून बाजूला बसवलेला तुकडा सुईची काठी वरखाली करतो. आपल्या कोंबडीचीच युक्ती आहे. फक्त लोखंडाची आणि नेमकी.

आमच्या भागातल्या एका गटात शेवयाच्या यंत्राची मूठ भर उन्हाळ्यात निखळली. आतली पिन झिजली होती. गटातल्या एका मावशींनी सायकलच्या आऱ्याचा तुकडा कापून तिथं ठोकला आणि यंत्र त्याच दुपारी चालू झालं. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, पण लहानपणी भावांबरोबर तारेच्या गाड्या करायच्या. आम्ही म्हणतो ते इतकंच.

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येतो. यानं चूल पेटेल का? खरं सांगायचं तर लगेच नाही. खेळणी करून विकायचा धंदा सोपा नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांसाठी विकायच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का लागतो. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणून विकायचा विचार करणाऱ्या गटानं आधी कारागीर नोंदणीची चौकशी करावी आणि मगच कर्ज उचलावं. घरच्या मुलांसाठी करतानाही तारेचं टोक उघडं ठेवू नका, लहान बाळाच्या तोंडात जाईल असा सुटा तुकडा ठेवू नका, स्वस्तातला तैलरंग लावू नका. हळद, गेरू, चुना पुरे आहे. सिंधुदुर्गात पिंगुळी गावी ठाकर समाजाच्या एका कुटुंबानं आपल्या दोरीवरच्या कळसूत्री बाहुल्या स्वतःच्या गोठ्यात मांडून संग्रहालय उभं केलं आहे. त्या घरच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ते बाहुल्यांचे खेळ दाखवतात आणि मुलांना कला शिकवतात. आपल्यालाही शाळेत, अंगणवाडीत, यात्रेत असं शिकवायला जाता येईल. पण तो पुढचा टप्पा झाला.

आधीचा फायदा वेगळा आहे, आणि तो वहीत जमेच्या बाजूला लगेच दिसणार नाही. मशीन बंद पडल्यावर वाया जाणारे दिवस वाचतील. आठवीतली मुलगी घरातला पंखा का अडतोय ते बघायला खुर्चीवर चढेल आणि कुणी तिला खाली उतरवणार नाही. आयटीआयच्या फॉर्मवर शिवणकामाखेरीज फिटर, इलेक्ट्रिशियन असेही कोर्स लिहिलेले असतात. ते तिचेही आहेत हे तिला आणि तिच्या आईला ठाऊक असेल. चार हजार वर्षं खेळणी करणाऱ्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. आपल्या गटात जी खेळणी होतील त्यांच्या खालच्या बाजूला करणारीनं आपलं नाव आणि गाव पेनानं लिहावं, एवढी आमची विनंती आहे.

तर पुढच्या बैठकीला येताना हप्त्याबरोबर एक जुनी चप्पल आणि एक मोडकी छत्री आणा. आणि मुलीलाही घेऊन या. कात्री तिच्या हातात द्या.